एका तारेवरची आठ घरं

मंगळवार, ५ ऑक्टोबर १९३७

ही वही लविनाने मला गेल्या नाताळात दिली. "दिवसाला चार ओळी लिही, एमिल. बोलत नाहीस तर निदान लिही तरी," म्हणाली होती. तेव्हापासून वही कोरीच. लिहिण्यासारखं काही झालंच नाही. मी केटलफोर्डच्या सहकारी डेअरीचा व्यवस्थापक. दूध आलं, लोणी गेलं, याच्यापुढे माझ्या दिवसात काही नसतं आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही.

आज लिहायला बसलो, कारण आज लविनाचं पुस्तक छापून आलं आणि त्याबद्दल बोलावं तर कोणाशी बोलणार? फोनवर बोलायची सोय नाही. आमच्या तारेवर आठ घरं आहेत. कोणाचाही फोन आला की आठही घरांत घंटा वाजते. आमची खूण दोन लांब, एक आखूड. दुसऱ्याची खूण वाजली तर उचलायचा नाही, हा नियम. नियम सगळ्यांना पाठ आहे आणि उचलतातही सगळे. रिसीव्हर कानाला लावायचा, बोलायच्या बाजूवर ॲप्रन दाबायचा आणि श्वास धरायचा. तरी मागे कॅनरी पक्षी गायला लागला की शेजारच्या मिसेस ब्रँट आल्या हे कळतं आणि घरघर ऐकू आली की स्टेशनमास्तर ओव्हरबी. त्याला दमा आहे. जितके कान लागतात तितका आवाज बारीक होतो. कोणाच्या घरी बाळंतपण असलं की शेवटी ओरडूनच बोलावं लागतं.

लविना इथली नाही. ओहायोहून शाळेत शिकवायला आली, माझ्याशी लग्न करून राहिली. लग्नाआधीपासून लिहिते. पहिली कादंबरी देवमासे मारणाऱ्या कप्तानावर. समुद्र तिने अजून पाहिलेला नाही. छापून आली, दोन वर्तमानपत्रांनी चार ओळी लिहिल्या आणि संपलं. दुसरी पॅरिसच्या नाचणारणीवर. त्या प्रकाशकाचं मंदीत दिवाळं निघालं आणि प्रती गोदामातच कुजल्या. मग बरीच वर्षं तिने शेतकऱ्यांच्या साप्ताहिकात गोष्टी लिहिल्या. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी हरवलेलं वासरू सापडायचं. हे तिसरं पुस्तक मात्र न्यूयॉर्कच्या मोठ्या प्रकाशकाने घेतलंय. यात समुद्र नाही. आमच्यासारखंच एक गाव आहे.

पहिली प्रत तिने मला दिली. आत लिहिलंय, 'एमिलला, ज्याने मला कधीच अडवलं नाही.' छान लिहिलंय. मी पुस्तक कपाटावर नीट ठेवलं.

शनिवार, ९ ऑक्टोबर

मिसेस ब्रँट सकाळीच दारात. कंबरेवर हात.

"एमिल, तुझ्या बायकोला सांग, माझ्या लोणच्याला हात लावायचं तिला काही कारण नव्हतं."

"कुठल्या लोणच्याला?"

"पुस्तकातल्या! ती बाई जिल्ह्याच्या जत्रेत काकडीच्या लोणच्याचं पहिलं बक्षीस मिळवते आणि लोणचं घातलेलं असतं नणंदेने. आता बोल."

"तुमचं नाव आहे का त्यात?"

"नाव नाही म्हणे! काकडी माझी, बरणी माझी, नणंद माझी. नाव काय चाटायचंय?"

मी म्हणालो, मी अजून वाचलेलं नाही. त्या म्हणाल्या, "तू कशाला वाचशील? तुला घरबसल्या मिळतंय सगळं," आणि निघून गेल्या. त्यांची नणंद लोणचं घालते हे मला तरी आजच कळलं.

मंगळवार, १९ ऑक्टोबर

आज चर्चच्या तळघरात सभा झाली. पाद्रीसाहेबांच्या बायकोने, मिसेस फॉसमनी, बोलावली होती. ठराव असा, की लविनाचं पुस्तक गावच्या वाचनालयातून काढून टाकावं. लविना म्हणाली, मी येणार. म्हणून मीही गेलो. अंडं घालून उकळलेली कॉफी सगळ्यांना मिळाली, आम्हालाही. भांडण असलं तरी आमच्याकडे कॉफी कोणाला नाकारत नाहीत.

मिसेस फॉसम उभ्या राहिल्या. पुस्तकात कागदाच्या पट्ट्या घालून आणल्या होत्या. "यात एक पाद्री आहे," त्या म्हणाल्या, "आणि त्याची बायको बहिणीला सांगते, 'हे घरी येऊन बूट काढतात तेव्हा मला खोली सोडून जावं लागतं.' हे वाक्य माझं आहे. मी माझ्या बहिणीशी खाजगीत बोलले होते. शब्द न् शब्द माझा!"

तेवढ्यात मागून ओव्हरबी म्हणाला, "नाही हो, मिसेस फॉसम. तुम्ही खोली नव्हता म्हणालात. घर सोडून जावं लागतं म्हणालात."

ओव्हरबीला आपण काय बोललो ते कळायला थोडा वेळ लागला. मग तो कॉफीच्या कपात बघायला लागला.

"तू माझं बोलणं ऐकतोस?" मिसेस फॉसम म्हणाल्या.

"एकटा तोच नाही," मिसेस ब्रँट म्हणाल्या. "परवा तुम्ही माझ्या गुडघ्याला कोणतं तेल लावायचं ते आपणहून सांगायला आलात. गुडघ्याचं मी फक्त डॉक्टरांना सांगितलं होतं, फोनवर."

मग जो गोंधळ झाला तो काय सांगू. कोणी तक्रार करायला तोंड उघडलं की ऐकल्याची कबुली आपोआप बाहेर. पाद्रीसाहेब पायांकडे बघत बसले होते. लविना इतकी हसत होती की डोळ्यांतून पाणी. मला तिचं हसणं पाहून बरं वाटलं, पण मी हसलो नाही. त्या लोकांना उद्या सकाळी दूध घेऊन माझ्याच दारात यायचं आहे.

शेवटी वाचनालयाच्या बाईंनी सांगितलं की पुस्तक फळीवरून काढायचं कसं, ते आल्यापासून फळीवर एक दिवसही राहिलेलं नाही. ठराव पुढे ढकलला, सगळ्यांचं वाचून होईपर्यंत.

रविवार, २४ ऑक्टोबर

हसायचं हसून झालं खरं, पण त्याचा राग लविनावरच निघाला. सभेपासून तारेवर कोणी बोलत नाही. घंटा वाजते, लोक "हो", "नाही", "बरं" म्हणतात आणि ठेवून देतात. तिने आमचं बोलणं बंद केलं, असं गाव म्हणतंय. आज चर्चमध्ये आमच्या बाकावर आम्ही दोघंच. पुढचा बाकही रिकामा, मागचाही. लविना खालमानेने भजनं म्हणत होती. घरी येताना मी तिला सांगितलं की यंदा थंडी लवकर पडणार.

गुरुवार, २८ ऑक्टोबर

न्यूयॉर्कहून प्रकाशकाचं बोलावणं आलं. पुस्तक तिकडे जोरात खपतंय. हिवाळाभर तिने तिथे राहावं, ठिकठिकाणी वाचन करावं आणि पुढची कादंबरी तिथेच लिहावी. राहायला घर ते देणार.

जेवताना लविना म्हणाली, "ते म्हणतात, जमलं तर कायमचीच ये. लेखकाने तिथेच असायला हवं म्हणे."

"हं," मी म्हणालो.

"तुला काय वाटतं?"

"तुला बरं वाटेल ते कर."

ती उठून धुतलेले कप पुन्हा धुवायला लागली. मला वाटतं, उत्तर तिला आवडलं. दुसरा कोणी नवरा असता तर आडवा आला असता. देवमाशांच्या वेळी मी आडवा आलो नाही, पॅरिसच्या वेळी आलो नाही, आता काय म्हणून येऊ? तिला हे मिळायला किती वर्षं लागली ते मी पाहिलंय.

मात्र घास उतरत नव्हता. डुकराचं मांस जरा वातड झालं होतं.

मंगळवार, २ नोव्हेंबर

पुस्तक डेअरीत घेऊन गेलो. बॉयलरच्या खोलीत ऊब असते आणि तिथे कोणी येत नाही. रोज थोडं थोडं वाचणार आहे. ती जाणार म्हटल्यावर वाचलेलं असावं.

वाईट नाही. आमच्याकडे यापेक्षा जास्त कौतुक कोणी करत नाही. लोणचंवाली तर हुबेहूब मिसेस ब्रँट. गोष्ट मार्था नावाच्या बाईची आहे. तिचा नवरा टोबायस घोड्यांचे लगाम आणि खोगिरं बनवतो. माणूस सरळ, कष्टाळू, पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. मनाला लागलं की गपचूप जुन्या लगामांना तेल लावत बसतो. मार्था काही विचारते तेव्हा म्हणतो, "बघ बुवा, तुझं तू."

हा ओव्हरबी. मी लगेच ओळखलं. तोही असाच घुम्या. मध्येच एकदा मनात आलं की टोबायसही माझ्यासारखी ॲपल पायची कडा आधी खातो, पण टोबायसला मिशी आहे आणि मला नाही, तेव्हा प्रश्न मिटला.

शनिवार, ६ नोव्हेंबर

लविनाला गाडीवर पोचवून आलो. ओव्हरबीने तिची पेटी स्वतः उचलून आत ठेवली आणि तिच्याकडे न बघता टोपी काढली. बाकी गावातलं कोणी आलं नाही.

स्टेशनवर जाईपर्यंत मी तिला स्टोव्हच्या धुराड्याबद्दल सांगितलं. नवीन पत्रा घालावा लागणार आहे. मोटारीच्या टायरबद्दलही सांगितलं. गाडी लागल्यावर ती डब्याच्या दारात उभी राहिली.

"एमिल, तुला मला काही सांगायचंय का?"

मी आठवून पाहिलं. "तिकीट आतल्या खिशात ठेव," म्हणालो.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. न्यूयॉर्कचं दडपण आलं असावं. गाडी सुटल्यावर मी फलाटावर जरा रेंगाळलो. ओव्हरबी म्हणाला, "एमिल, गाडी गेली." मी म्हणालो, दिसतंय मला.

बुधवार, १० नोव्हेंबर

घरातले सगळे बूट पॉलिश केले. लविना जे ठेवून गेलीये तेही.

मंगळवार, १६ नोव्हेंबर

तिचं पत्र. सातव्या मजल्यावर खोली आहे. वाचनाला माणसं गर्दी करतात, एका बाईने रडत हात धरला. पुढे लिहिलंय, 'इथे प्रत्येकाच्या घरी स्वतंत्र फोन आहे आणि कोणी कोणाचं ऐकत नाही. जेवायला बसलं की सगळे एकदम बोलतात. मी पुढच्या पुस्तकाची पंचवीस पानं लिहिली आणि फाडली. पुन्हा कप्तानच लिहायला लागले होते.' शेवटी लिहिलंय, 'तू कसा आहेस? खरं लिही.'

मी लिहिलं की मी ठीक आहे, धुराड्याला पत्रा घातला, मांजरीला पिलं झाली. तीन पिलं, हेही खरंच लिहिलं.

शनिवार, २० नोव्हेंबर

पुस्तक संपलं. शेवट मला पटला नाही. मार्था टोबायसने एकदा तरी "जाऊ नकोस" म्हणावं म्हणून पूर्ण हिवाळा वाट बघते. तो म्हणत नाही. वसंतात ती आगगाडीत बसून निघून जाते आणि हा रिकाम्या घरात लगामाला तेल लावत बसतो. संपलं.

मला त्या बाईचा राग आला. तिला थांबायचं होतं तर थांबायचं! टोबायस काही दार लावून उभा नव्हता. आणि टोबायसचाही राग आला. मनात एवढं आहे तर बोलायला काय धाड भरली होती?

आता दुसरी गोष्ट लिहितो. इथे कोणी ऐकत नाही म्हणून लिहितो. मला भीती वाटते की लविना परत येणार नाही. संध्याकाळी डेअरीतून निघालो की घराची खिडकी लांबून दिसते, तिच्यात दिवा नसतो आणि मी गाडी हळू करतो. घरी पोचायचंच नसतं. हे मी तिला कळवणार नाही. तिने आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते तिला मिळालंय. त्यात मी माझं रडगाणं घातलं तर ती येईल आणि मग उरलेला जन्म त्या खिडकीतून न्यूयॉर्क बघत बसेल. त्यापेक्षा मी गप्प बसलेला बरा.

गुरुवार, २५ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. मिसेस ब्रँटनी जेवायला बोलावलं. खरं म्हणजे हुकूम केला. टर्की, उकडलेले बटाटे, पम्पकिन पाय आणि मध्यभागी काकडीचं लोणचं. मी लोणचं घेतलं तशा त्या म्हणाल्या, "नणंदेचं आहे. आता लपवायचं काय राहिलंय?"

जेवण झाल्यावर म्हणाल्या, "वाचलंस?"

"वाचलं. वाईट नाही."

"त्यातला टोबायस कोण आहे, कळलं?"

"ओव्हरबी."

त्या इतक्या हसल्या की पिंजऱ्यातली कॅनरी फडफडली. "ओव्हरबीला बायको तरी आहे का रे? कोणाला सोडून कोण जाणार?"

"पण टोबायसला मिशी आहे," मी म्हणालो.

"अरे माठ्या," मिसेस ब्रँट म्हणाल्या, "मिशी चिकटवली म्हणून माणूस बदलतो का? सगळ्या गावाने पहिल्या दिवशी ओळखलं. पाद्रीसाहेबांनी पण ओळखलं आणि त्यांना रविवारी समोर बसलेलं माणूस ओळखू येत नाही." मग त्यांचा आवाज खाली आला. "मी तिच्यावर अजून चिडलेली आहे, लिहून ठेव कुठेतरी. पण ती गेल्यापासून तार पारच मेलीये. ती फोनवर नुसती ऐकायची नाही. माझा नवरा गेला तेव्हा रोज दुपारी तिने मला फोन केला, महिनाभर. तासभर मी बडबडायचे. तू कधी ऐकलंस का?"

मी म्हणालो, "मी दुसऱ्याचे फोन ऐकत नाही."

"घरातलंही ऐकत नाहीस, तो प्रश्न आहे."

घरी येऊन पुस्तकाची शेवटची पानं पुन्हा वाचली. मग उठून दाराशी गेलो. तिथे सगळे बूट ओळीने ठेवलेले होते, चकचकीत. मी खुर्चीवर बसलो आणि बसूनच राहिलो.

शनिवार, २७ नोव्हेंबर

पत्र लिहायला घेतलं. 'प्रिय लविना, पुस्तक वाचलं.' याच्यापुढे जाता आलं नाही. दुसऱ्या कागदावर मांजरीच्या पिलांबद्दल पान भरून लिहिलं आणि तेच टाकलं. स्वतःची लाज वाटते.

गुरुवार, २ डिसेंबर

संध्याकाळी सहाच्या सुमारास घंटा. दोन लांब, एक आखूड. एक्स्चेंजवरची इर्मा म्हणाली, "एमिल, न्यूयॉर्क आहे. सरळ उभा राहून बोल." सरळ उभं राहण्याचा काय संबंध ते मला कळलं नाही, पण मी राहिलो.

लविनाच होती. तब्येत, बर्फ, पिलं. प्रत्येक वाक्याला तारेवर एक टक्, की तिचा आवाज आणखी लांब. एक घर, दुसरं घर. महिनाभर मेलेली तार आज जिवंत झाली होती.

"एमिल, उद्या करारावर सही आहे," ती म्हणाली. "इथेच राहायचं, तीन पुस्तकांसाठी. तुला काही म्हणायचंय का?"

"तुला—" मी म्हणालो आणि थांबलो. जीभ आपल्या सवयीच्या वाटेने निघालीच होती.

"काय? ऐकू येत नाही, एमिल."

"मी म्हणतो—"

"आवाजच येत नाहीये!"

"येईल कसा आवाज!" तारेवर कोणीतरी कडाडलं. मिसेस ब्रँट. "तारेला पूर्ण गाव लटकलंय! ठेवा सगळे फोन!"

"मिसेस ब्रँट, तुम्हीही..." ओव्हरबीचा आवाज.

"मीही ठेवतेय. आधी तू ठेव. तुझ्या दम्याचा वारा न्यूयॉर्कपर्यंत जातोय."

"मी आत्ताच उचलला होता," मिसेस फॉसम म्हणाल्या, "चुकून."

"मग चुकून ठेवा."

टक्. टक्. एकेक घर उतरत गेलं. शेवटी मिसेस ब्रँट म्हणाल्या, "एमिल, ती काय विचारतेय ते आम्हाला कळलं, तुला कळलं नसेल तर कमाल आहे," आणि त्यांनीही ठेवला.

तार मोकळी झाली. लविना शेजारच्या खोलीत असावी इतकी जवळ आली. तिचा श्वास ऐकू येत होता.

मी म्हणालो, "लविना, घरी ये. तुला बरं वाटेल ते करू नकोस. मला तू इथे हवी आहेस. तू जाऊ नयेस असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, न बोलणं म्हणजे तुझ्यासाठी काहीतरी करणं."

ती म्हणाली, "परत म्हण."

"ऐकू नाही आलं?"

"आलं. परत म्हण."

म्हटलं. दुसऱ्यांदा जास्त जड गेलं, कारण आता ऐकू येतंय हे माहीत होतं. तिसऱ्यांदा तिने सांगायच्या आधीच म्हटलं.

मध्येच इर्मा म्हणाली, "तीन मिनिटं झाली," नाक ओढत, "पण माझं घड्याळ हल्ली पुढे जातं. बोला तुम्ही." पण तेवढ्यात लविना म्हणाली की आता तिला ठेवायला हवा आणि तिने ठेवला. येते म्हणाली नाही. नाही येत असंही म्हणाली नाही. मी विचारायला हवं होतं.

शुक्रवार, ३ डिसेंबर

डेअरीत आज दूध घालायला आलेल्या प्रत्येकाने विचारलं, "काय कळलं का?" ज्यांच्या घरी फोन नाही त्यांनीही. मी म्हणालो, अजून नाही. पाद्रीसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला भलत्याच आडनावाने हाक मारून माझ्यासाठी प्रार्थना करतो म्हणाले.

आज सकाळी तिची सही झालेली असणार, नाहीतर नसणार. लोण्यात मीठ घालायचं विसरलो.

शनिवार, ४ डिसेंबर

तार आली. ओव्हरबी बर्फातून चालत स्वतः घेऊन आला, धापा टाकत. पाकीट चिकटवलेलं होतं आणि मी ते उघडेपर्यंत तो जागचा हलला नाही, जणू मजकूर त्यानेच उतरवून घेतला नव्हता. 'मंगळवारी सकाळच्या गाडीने. लविना.'

मी त्याला आत बोलावून कॉफी दिली. कप संपल्यावर तो म्हणाला, "छान झालं," आणि गेला.

मंगळवार, ७ डिसेंबर

गाडी वेळेवर आली. लविना उतरली तेव्हा बारीक झालेली दिसली, अंगात नवा कोट. सामान मागे टाकलं आणि आम्ही निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग, मधून एकच गाडी जाईल एवढी वाट.

ती सांगत होती. प्रकाशक आधी चिडला, मग म्हणाला, इथे बसून कप्तान लिहिण्यापेक्षा तिथे बसून पुस्तक लिही. वर्षातून एकदा तिने न्यूयॉर्कला यायचं, एवढ्यावर ठरलं. मी म्हणालो, पुढच्या वेळी मीही येईन, सातवा मजला बघायला. ती हसली.

मग मी सहज म्हणालो, "तू येणारच होतीस ना? मी नसतो बोललो तरी?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "नाही," म्हणाली. "गुरुवारी सकाळीच मी त्यांना हो सांगितलं होतं. फोन केला तो तुला कळवायला."

मी गाडी कडेला घेतली. घेतली नसती तर बर्फातच घातली असती. त्या फोनवर 'तुला' एवढंच म्हणून मी थांबलो होतो. आणखी चार शब्द बोललो असतो आणि तिला ते ऐकू आले असते, तर आज या सीटवर कोणी नसतं.

"काय झालं?" लविनाने विचारलं.

मी सांगायला लागलो. स्टेशनवर तिकिटाचं बोललो तेव्हा मनात काय होतं ते सांगितलं. दिवा नसलेल्या खिडकीचं सांगितलं. पॅरिसचं पुस्तक बुडालं त्या दिवशी मी गोठ्यात जाऊन रडलो होतो, तेही सांगितलं. तिला माहीत नव्हतं. तिच्या शाळेच्या पहिल्या वर्षी मी उगाच रोज शाळेला लोणी पोचवायला जायचो, तेही सांगितलं. काचा आतून धुरकटल्या आणि बाहेरचं काही दिसेना. मागून दुधाची गाडी आली, भोंगा वाजवला, मग कोण आहे ते बघून वळून दुसऱ्या वाटेने गेली.

बऱ्याच वेळाने लविना म्हणाली, "एमिल, घरी चल आता. माझे पाय गारठले."

मी म्हणालो, "थांब, अजून झालं नाही."